नव्याण्णववर थांबलेली पाटी

मी एक जुनी पाटी आहे. मैदानावरची मोठी माणसे मला धावफलक म्हणत, पण मुलांच्या तोंडी मी पाटीच होते आणि मलाही तेच नाव आवडते. जे सांगणार आहे ते लढाईच्या दुसऱ्या वर्षी घडले. त्या वर्षी दुधाच्या बाटल्यांना पत्र्याऐवजी कागदाची झाकणे आली, कारण सगळा पत्रा म्हणे आघाडीवर लागत होता.

मित्रांनो, मला एका हौशी सुताराने घडवले. सहा जाड फळ्या जोडून त्याने वर काळा रंग दिला आणि आकडे टांगायला खिळे ठोकले. डावीकडे दोन खिळे, किती गडी बाद झाले ते दाखवायला. उजवीकडे धावांसाठी चार! कधीतरी कोणी हजार धावा काढील अशी त्या भल्या माणसाला आशा होती. पत्र्याचे आकडे प्रत्येकी दोन-दोन होते, फक्त शून्ये चार.

मैदानावरचे दिवस सुखाचे होते. दोन्ही संघांचे दोन लिहिणारे शेजारीशेजारी बसत आणि षटक संपले की आपापल्या वह्या जुळवत. जुळल्या नाहीत तर भांडत, पण जुळल्याशिवाय माझ्यावर पत्रा चढत नसे. त्यामुळे माझा असा समज झाला की जगात कुठलाही आकडा टांगण्यापूर्वी दोन्ही बाजूंना विचारतात. हा समज मी बरोबर घेऊन शहरात आले.

लढाई सुरू झाली, मैदानावर सैन्याचे तंबू पडले आणि एका वर्तमानपत्राच्या संपादकांनी मला मागून नेले. कचेरीच्या दारावर मला बसवले. ‘बाद’ या शब्दावर रंग फासून ‘आपले’ लिहिले, ‘धावा’वर ‘त्यांचे’ लिहिले. खिळे तेच राहिले.

आकडे लावायचे काम फोनताईकडे होते. ती कचेरीच्या टेलिफोनवर बसे, चाळिशीची, चष्म्याला दोरी बांधलेली. रोज दुपारी चारला युद्धखात्यातून फोन येई. ती आकडा लिहून घेई, एकेक अंक परत वाचून दाखवी, पलीकडून ‘बरोबर’ आले की शिडी घेऊन खाली उतरे. आईवडील गेल्यावर तिने धाकट्या भावाला वाढवले होते. तो सैन्याचा मालट्रक चालवी. आकडा लावून झाला की ती माझ्या फळीला हात लावून पुटपुटे, “आजही यात नाहीस ना रे बाबा.” तिचा माझ्यावर विश्वास होता. माझा त्या फोनवर होता.

समोर सलूनवाल्या काकांचे दुकान होते. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून ते दारात येऊन उभे राहत. “काय फोनताई, आज त्यांचे किती गडी गेले?” लोक हसत. उजवीकडचा आकडा वाढला की टाळ्या पडत. डावीकडचा वाढला की दोन क्षण टोप्या उतरत, मग पुन्हा उजवीकडे बघत.

एके दिवशी मंत्री आले. माझ्याच खाली उभे राहून म्हणाले, “आपले शंभर जवानही जाणार नाहीत. हा माझा शब्द आहे!” केवढ्या टाळ्या! तेव्हा माझ्यावर अठ्ठ्याऐंशी होते.

बारा दिवसांत नव्याण्णव झाले. आणि नव्याण्णववर आकडा थांबला.

फोनवर रोज तेच. “कालचाच,” पलीकडचा कारकून म्हणे. आघाडीवरून जखमींच्या गाड्या येतच होत्या, पण डावीकडचे दोन नऊ हलत नव्हते. त्यातून एक गंमत झाली. गंमत म्हणवत नाही, पण झाली. फोनवर त्यांचा आकडा आला तीन हजार नऊशे बारा, आणि दोन्ही नऊ डावीकडे अडकलेले! फोनताईने संपादकांना विचारले.

“चार हजार लावा,” ते म्हणाले. “कोण मोजायला बसलंय?”

रात्री मंत्र्यांनी भाषणात चार हजार सांगितले. दुसऱ्या दिवशी युद्धखात्यातूनही चार हजारच आले. माझ्याकडे पत्र्याचा एक नऊ कमी होता, म्हणून अठ्ठ्याऐंशी माणसे मेली. मित्रांनो, ती कुठे मेली, कोणाची होती, कोणीही विचारले नाही. माझ्या समजाला पहिला तडा तिथे गेला.

आकडा थांबून सोळा दिवस झाले आणि फोनताईला तार आली. ‘सेवेत असताना वाहन उलटून अपघाती निधन.’ तीन दिवस तिची खुर्ची रिकामी होती. चौथ्या दिवशी ती आली, तेव्हा तिच्या हातात भावाच्या ट्रकवरच्या जोडीदाराचे इस्पितळातून आलेले पत्र होते. चारचा फोन घेऊन ती माझ्याखाली आली आणि तिने संपादकांना दारातच गाठले.

“साहेब, आज शंभर लावायचे.”

“फोनवर काय आलं?”

“नव्याण्णव. पण हे वाचा. ट्रक आपोआप उलटला नाही. तोफगोळा पडला. याच्या डोळ्यांदेखत पडला.”

संपादकांनी पत्र वाचले. ते वाईट नव्हते, त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचले. “ताई, मला कळतं. पण शंभर लावला तर उद्या कागदाचा कोटा बंद. ऐंशी घरांच्या चुली आहेत आपल्या कचेरीवर.”

“माझ्या घरात दोनच माणसं होती, साहेब. आता एक आहे.”

“त्याला अपघात धरलाय. आपण नवीन काय सांगणार?”

“तो कुठे गेला एवढंच सांगायचंय. रस्त्यात धडपडून गेला नाही तो.”

संपादक पत्र घडी घालून परत देत आत निघून गेले. फोनताई शिडीवर चढली. शंभराला तीन खिळे लागतात आणि डावीकडे दोनच. तिने पदराखालून हातोडी काढली आणि तिसरा खिळा ठोकला. फळी चिरली. मला दुखले, पण ते दुखणे मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. दोन्ही नऊ उतरवून तिने एक लावला, एक शून्य लावले. दुसरे शून्य शिल्लक नव्हते. तिने ते उजवीकडून काढले. त्यांचे चार हजार एकदम चारशे झाले.

लोकांना काय दिसले सांगू? आपले शंभर झाले हे दिसलेच नाही.

“अहो फोनताई!” सलूनवाले काका ओरडले. “त्यांचे छत्तीसशे जिवंत केलेत की एका झटक्यात!”

“डावीकडे बघा काका,” ती शिडीवरूनच म्हणाली. “शंभरावा माझा धाकटा आहे. तुमच्याकडेच केस कापायचा.”

काकांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. मग मागून एक शिवणकाम करणाऱ्या बाई पुढे आल्या, गळ्यात मापाची फीत तशीच. “माझ्या मुलाला ताप आला म्हणे आघाडीवर. पोटात लोखंड घुसल्यावर ताप येणारच ना? लाव गं ताई.”

एकशे एक झाले. मग एक म्हातारे वडील आले, त्यांच्या हातात ‘बेपत्ता’ची तार. मग एक नवी नवरी. प्रत्येकाने नाव मोठ्याने सांगितले आणि फोनताईने, तिच्या सवयीप्रमाणे, ते परत वाचून दाखवले. “बरोबर,” खालून उत्तर येई. दिवेलागणीपर्यंत एकशे सात झाले. इतक्या दिवसांनी माझ्यावरचा आकडा कोणीतरी जुळवून पाहिला होता. कचेरीच्या छायाचित्रकाराने फोटोही काढला. मला वाटले, आता उद्या सगळ्यांना कळेल.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आले. पहिल्या पानावर माझाच फोटो होता. पण मागच्या आठवड्यातला. डावीकडे नव्याण्णव, उजवीकडे चार हजार, खाली ओळ: ‘फलकासमोर कालही नागरिकांची गर्दी.’

मित्रांनो, वर्तमानपत्र खोटे छापू शकते हे मी तोवर समजून चुकले होते. मला फसवले ते गर्दीने. जी माणसे आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर उभी होती, तीच फोटो बघत म्हणाली, “अरे, नव्याण्णवच आहेत की.” सलूनवाले काकासुद्धा वस्तरा परजत म्हणाले, “काल उजेड कमी होता हो. मला वाटतं, आपल्याच बघण्यात चूक झाली.” फोनताई रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. दुपारी मला ‘दुरुस्तीसाठी’ खाली उतरवले आणि तिलाही कामावरून काढले.

लढाई तीन महिन्यांनी संपली. चौकात दगडी स्मारक झाले, त्यावर नव्याण्णव नावे कोरली. मंत्र्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यातल्या एका प्रकरणाचे नाव ‘मी शब्द पाळला’ असे आहे. संपादकांना निर्भीड पत्रकारितेचा मान मिळाला. पुढे म्हातारपणी घरात फोन वाजला की ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसत, असे त्यांची सून सांगे. सलूनवाल्या काकांचा पुतण्या पुढच्या लढाईत बेपत्ता झाला. तो अजून बेपत्ताच आहे, आणि काकांनी मग कोणाला आकडा विचारला नाही. शिवणकामवाल्या बाई दर महिन्याला युद्धखात्याला पत्र टाकत राहिल्या, नजर गेल्यावर दुसऱ्याकडून लिहून घेत राहिल्या. उत्तर आले नाही.

मी मैदानाच्या कोठारात आहे. फोनताईने दुसऱ्या गावी इस्पितळाच्या फोनवर नोकरी केली आणि मागच्या हिवाळ्यात ती गेली. ही बातमी कोठाराच्या रखवालदाराने दाराशी कोणाला तरी सांगितली तेव्हा मला कळली. तिच्या मृत्यूची नोंद त्याच दिवशी झाली म्हणे. नाव, वय, कारण, वेळ, सगळे खरे. अंथरुणात गेलेल्या म्हातारीला जे मिळाले, ते तोफगोळ्याने गेलेल्या तिच्या भावाला आजवर मिळालेले नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची रीत असते की शेवटी निगा राखा म्हणून विनवायचे. मला रंग नको, डागडुजी नको. उद्या तुमच्या गावात कोणी मेलेल्यांचा आकडा ठणकावून सांगू लागला, तर टाळी वाजवू नका, टोपीही लगेच उतरवू नका. त्याला नावे विचारा. आणि स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही ते पाहिले असेच म्हणा.