चिमूटभर जास्त

"आधी हे प्या, मग पडा," म्हणत चांगुणाने लिंबू-सरबताचा ग्लास नवऱ्याच्या ओठांना लावला. खंडूला परत चक्कर आली होती. पाटसच्या बसथांब्यावर तिची सरबताची गाडी. मिठाला हात असा सढळ, की उसाच्या ट्रकचे ड्रायव्हर मुद्दाम थांबायचे. घामाबरोबर मीठ जातं आणि माणूस गरगरतो, हे तिचं ठाम मत. म्हणून खंडूच्या ग्लासात चिमूटभर जास्तच पडायचं. तो गटागट प्यायचा आणि दरवेळी म्हणायचा, "झ्याक."

पायांना सूज चढली, चार पावलांत धाप लागू लागली, तेव्हा कुठे ती त्याला ओढत दौंडला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला, बोटाचा खड्डा तसाच राहिला. हृदय कमजोर झालंय, ठोके चुकताहेत, डोक्याला रक्त पुरत नाही म्हणून चक्कर येते, असं त्यांनी समजावलं. मग खंडूवर उखडल्या. दिवाळीत तो एकटाच दाखवायला आला होता, तेव्हाच मीठ तोडायला सांगितलं होतं, मग एवढं मीठ पोटात जातं कुठून?

खंडू पंख्याकडे बघत बसला. एरवी एसटीच्या कंडक्टरला गप्प करणारी चांगुणा, पण तिने हळूच हात पदराखाली घेतले.

त्याला भरती करून सूज उतरवली. बसने घरी येताना तिने विचारलं, "डाक्टरनं सांगितलं व्हतं, तर मला बोलला का न्हाई?"

"तू गिऱ्हाईक सोडून पळत यायचीस गं, ग्लास घिऊन. नगं कसं म्हणू?"

"म्हंजी मी माझ्या हातानं तुमचा जीव घेत व्हते, आन् तुम्ही झ्याक म्हणत व्हता."

तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी हुंदका फुटलाच. शेजारची बाई विचारत होती, काय झालं. काय सांगणार, कप्पाळ?

आठवड्याने तो गाडीमागे सावलीत बसला असताना त्याला जरा गरगरलं. तिचा हात आपसूक मिठाकडे गेला. तो तिने दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला. त्याला गोळी दिली आणि ती गिळायला घोटभर पाण्यात नुसतं लिंबू पिळून दिलं.

खंडूने ते प्यायलं, मिशा पुसल्या. "झ्याक," तो म्हणाला.

ग्लासात तळाला थोडं उरलं होतं. चांगुणाने ते तळहातावर घेऊन चाखलं. नुसतं आंबट, चव म्हणून नाही. पलीकडून गिऱ्हाईक हाका मारत होतं. ती रिकामा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.