जामीन मिळाला सासुरवाडीचा

प्रगतीने कडेवरच्या लेकीला थोपटत न्यायाधीशांच्या तोंडाकडे नजर लावली होती. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली म्हणून तिच्या नवऱ्यावर, रूपेशवर, थेट खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला होता.

"दोषी आहे की नाही, ते खटल्यात ठरेल," न्यायाधीश म्हणाले. "आज बघायचं ते एवढंच, की हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का."

"साक्षीदार सगळे दाभोशातलेच, साहेब. याच्या दारासमोर राहतात!" सरकारी वकील म्हणाले.

"मग गावाबाहेर राहायची सोय आहे?"

रूपेशने वळून बायकोकडे पाहिलं. प्रगतीच उठली. "माझं माहेर आहे, साहेब, सूर्यमाळला. आईबाबा ठेवून घेतील."

तपास पुरा झाला होता, जखमीही बरा होऊन घरी आला होता. खटला संपेपर्यंत दाभोशात पाऊल टाकायचं नाही, या अटीवर जामीन मिळाला.

बाहेर येताच सासूने, सुकरीने, पदराने डोळे पुसले. "पोरगा माझा घरजावई झाला गं!"

"होऊ दे, आई," प्रगती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "'तुमच्या सूर्यमाळच्या डोंगरावर उन्हाळ्यात पाणी कोण भरणार', म्हणून हे मला चिडवायचे ना? आता तिथं हेच भरतील."