आमची गल्ली शेवटी

आमच्या रुद्रेशला मुलगी झाली आणि तिचं शिवानी नाव ठेवलं, त्या वर्षी लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. बारसं नांदेडला झालं, २०१६ च्या फेब्रुवारी महिन्यात. रुद्रेश तिथं विष्णुपुरीच्या बाजूला राहतो, वायरमनचं काम करतो. मी आणि अंबिका एकाच पिशवीत दोघांचे कपडे घालून बारशाला गेलो. परत आलो तो मी एकटा. पिशवी तिथंच राहिली.

अंबिकेला मुतखड्याचा जुना त्रास होता आणि एक किडनी अधू झाली होती. भरपूर पाणी प्या, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडं टँकर दहा दिवसांनी यायचा, दर घराला दोनशे लिटर. मला तांब्या भरून द्यायची आणि आपण अर्ध्या फुलपात्रावर दुपार काढायची, असं तिचं चाललेलं. मी रागावलो तर दुसरीकडं बघायची. तिचे कान पाच-सहा वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळं तिनं तोंड फिरवलं की बोलणं संपलं. नांदेडलाही त्या साली पाणी कमीच होतं, पण चार दिवसांआड का होईना, नळाला येत होतं. रुद्रेश म्हणाला, आई इथंच राहू दे.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, म्हणून तिचं हळू बोलणंही शेजाऱ्यांना ऐकू जायचं.

"आपल्या नळाला येऊ द्या, मग या न्यायला," ती म्हणाली. "टँकरच्या पान्यासाठी न्हाई यायची मी."

मी मान हलवली.

मी नगरपालिकेत होतो, पुढं तिची महापालिका झाली. काम एकच, व्हॉल्व उघडायचे आणि बंद करायचे. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी दांडी, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण काढायचं, दांडी खाली बसवायची आणि फिरवायची. प्रत्येक व्हॉल्वचे फेरे वेगळे. कुठं बारा, कुठं सोळा. आमच्या गल्लीचे एकोणीस. शाळा पाहिलेली नव्हती, त्यामुळं वहीत काही नव्हतं, सगळे फेरे हातात होते. पाणी निघालं की दांडीला कान लावला तर कळतं. अंबिका तेच घरी हातानं ओळखायची. नळाच्या पाइपावर तळवा ठेवायची. पाण्याआधी हवा येते, पाइप थरथरतो. शेजारणी विचारायच्या, अक्का, आलं का? ती हात न काढता म्हणायची, येऊन राहिलंय.

आमची गल्ली शेवटी, हा नियम तिचाच. रुद्रेश रांगत होता त्या उन्हाळ्यात मी आमचा व्हॉल्व सगळ्यांच्या आधी उघडायचो. घरचं पाणी आधी, यात मला काही वावगं वाटत नव्हतं. एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या बाया आल्या आणि आमच्या उंबऱ्यासमोर रिकाम्या घागरी ओळीनं पालथ्या घालून गेल्या. शिवी नाही, भांडण नाही. अंबिकेनं एकेक घागर उचलली, आमच्या हौदातून भरली आणि डोक्यावर घेऊन ज्या-त्या घरी पोचवली. बारा घागरी होत्या. संध्याकाळी मला जेवायला वाढलं आणि सांगितलं, उद्यापासून आपली शेवटी. तेव्हापासून तीस वर्षं आमची गल्ली शेवटी होती. कधी पाणी तिथपर्यंत पोचायचंही नाही. ती कुरकुरायची, पण नियम मोडा असं म्हणाली नाही.

ती नांदेडला राहिली आणि माझी पंचाईत झाली ती बोलण्याची. फोनचा उपयोग नव्हता. रुद्रेश फोन लावून तिच्या हातात द्यायचा. ती विचारायची, जेवलात का, आणि माझं उत्तर येण्याआधी फोन परत देऊन टाकायची, कारण तिला थोडंच ऐकू येणार होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, वाचता यायचं. मला लिहिता येत नव्हतं.

माझ्याबरोबर कामाला जिलानी होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याची बायको शबाना अंगणवाडीत शिकवायची. लेकरं घरी गेली की दुपारी मी तिथं जाऊन बसू लागलो. शबाना म्हणाली, अण्णा, अ पासून सुरू करू. मी म्हणालो, अ पासून धरलं तर ज्ञ येईतो पुढचा पावसाळा येईल, मला आधी एक वाक्य शिकव. तिनं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. *आपल्या नळाला आज पाणी आलं. तू ये.* मी ते महिनाभर गिरवलं. त्या वाक्यातल्या अक्षरांवरूनच मग बाकीची अक्षरं धरली. बरं जमतंय असं वाटलं तेव्हा एका पोस्टकार्डावर तेच वाक्य लिहिलं, पत्ता घातला, तारखेची जागा मोकळी सोडली आणि कार्ड देवळीत ठेवून दिलं. पाणी येईल त्या दिवशी तारीख घालायची आणि पेटीत टाकायचं.

जिलानीला चेष्टेला विषय मिळाला. टँकरच्या रांगेतही तो सांगायचा, अण्णा साहेब होऊन राहिलेत, आता रजा पाहिजे तर त्यांना अर्ज लिहा.

पाणी नाही म्हणून आम्हाला टँकरवर घातलं होतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर माणसं फोटो काढायला जमली होती. मी त्या दिवशी अंबिकेला पहिलं खरं पत्र पाठवलं. रेल्वेनं पाणी आलं, पण आपल्या नळाला नाही, एवढंच. आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायावानी हाय, तरी वाचलं. शिवानी पालथी पडती. किती फेरे राहिले? मी लिहिलं, अजून लई. पुढं प्रत्येक कार्डात ती तेच विचारायची आणि मी तेच लिहायचो.

टँकरचं काम गर्दीचं, दिवसभर शिव्या खायच्या. पण संध्याकाळी घरी आलो की भांडी वाजवायलाही कोणी नसायचं. मी दोनशे लिटरमधलं पाणी पुरवून पुरवून वापरायचो, आणि मग ध्यानात यायचं की एकट्याला एवढं लागतच नाही. उरलेलं पलीकडच्या हसीनाबाईला द्यायचो. तिच्या घरात नऊ माणसं होती.

दर मंगळवारी मी आणि जिलानी खड्डे उघडून व्हॉल्व थोडे फिरवून ठेवायचो, नाहीतर गंजून जाम होतात. सवयीनं मी दांडीला कान लावायचो. आत काही नसायचं. रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा तेवढा यायचा.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस लागला आणि मांजरा धरण भरलं. लोक बसा करून पाणी बघायला गेले. नळाला यायला मात्र वेळ लागला. सात-आठ महिने कोरड्या पडलेल्या पाइपांत पाणी सोडलं की जोड निसटायचे. म्हणून दिवसाला एकच गल्ली, जोड तपासून मग पुढची, असं ठरलं. ऑक्टोबरात आमच्या भागाचं काम सुरू झालं. एकवीस गल्ल्या. कोणती आधी, कोणती नंतर, ते मुकादमानं माझ्यावर सोडलं. मी आमची एकविसावी लावली. कोणी विचारलं नाही, मीही विचार केला नाही.

याच सुमारास रुद्रेशचा फोन आला. आईला थंडी-ताप, दवाखान्यात दोन दिवस ठेवून घरी आणली. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर असेल तर लातूरला न्यायला हरकत नाही. ती सारखी घरी जायचं म्हणते.

रविवारी मी गेलो. एसटीत लोह्यापर्यंत उभ्यानं, पुढं जागा मिळाली. अंबिका खाटेवर होती, शिवानी तिच्या पायाशी बसून पदर ओढत होती. अंबिकेचा चेहरा सुजलेला होता. तिनं माझा हात धरला, तळव्यावरचे घट्टे चाचपून पाहिले, चावी फिरवून ते परत कडक झाले होते. मग विचारलं, "किती फेरे राहिले?"

मी आठ बोटं दाखवली. आठ गल्ल्या.

"आपली शेवटी?"

मी मान हलवली.

"हाव," ती म्हणाली. "मग ठीक हाय. आठ दिवस काय, निघतील."

ते निघाले नाहीत. मधे एका चौकात पाइप फुटला आणि चार दिवस त्यातच गेले. एका सकाळी रुद्रेशचा परत फोन, ताप उतरत नाही. मी फोन खिशात टाकला तेव्हा आम्ही पंधराव्या गल्लीच्या खड्ड्यावर होतो. जिलानीनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. दांडी त्याच्या हातात होती. ती त्यानं जमिनीवर आडवी ठेवली.

"अण्णा, चला, आज तुमची उघडू," तो म्हणाला. "अक्काला सांजच्याला घेऊन या."

मी म्हणालो, इथल्या बाया दारात घागरी घेऊन उभ्या आहेत.

"एक दिवस उभ्या राहतील. आठ महिने राहिल्याच की. कोण बोलतंय ते मी बघतो."

"तिला कळलं तर ती नळाला हात लावायची न्हाई, जिलानी."

"तुम्ही दोघं बी," तो म्हणाला. त्यानं दांडी उचलून माझ्या हातात दिली. मी पंधरावी उघडली. तेरा फेरे.

सोमवारी सतराव्या गल्लीत रुद्रेशचा फोन आला तेव्हा माझे सहा फेरे झाले होते. तो नुसता रडत होता. जिलानीनं दांडी घेतली आणि राहिलेले फेरे त्यानं फिरवले. मला बसमध्ये बसवायला शबाना आली. तिनं पाण्याची बाटली दिली होती, ती नांदेडपर्यंत तशीच मांडीवर राहिली.

अंबिकेला नांदेडलाच आम्हा लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवली, गळ्यातलं इष्टलिंग तिच्या हातावर ठेवून. जंगमानं पाण्यासाठी तांब्या मागितला तेव्हा रुद्रेशनं नळ सोडला. त्याच्या नळाला धो धो पाणी होतं.

गुरुवारी मी परत आलो. आमची गल्ली बंदच होती. मधल्या तीन गल्ल्या जिलानीनं उरकल्या होत्या, आमच्यासाठी थांबला होता. शुक्रवारी, दिवाळी तोंडावर असताना, आम्ही दोघं खड्ड्यावर गेलो. मी एकोणीस फेरे फिरवले आणि दांडीला कान लावला. पाणी निघालं होतं. जिलानीला तिथंच ठेवून मी घरी आलो आणि नळाच्या पाइपावर तळवा ठेवला. हसीनाबाई दारातून बघत होती. तिनं विचारलं, अण्णा, आलं का? पाइप थरथरू लागला होता. मला येऊन राहिलंय म्हणता आलं नाही, मी नुसती मान हलवली.

ती वाचली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. घरी आली असती, एवढंच.

देवळीतलं कार्ड मी काढलं आणि मोकळ्या जागेत तारीख घातली, २८ ऑक्टोबर. पेटीत टाकलं नाही. ते अजून तिथंच आहे. शिवानी आता नऊ वर्षांची आहे. सुट्टीत आली की ते वाचते आणि माझं अक्षर पाहून हसते.

माझी बायको अंबिका सोमवार, २४ ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी नऊ वाजता नांदेडला वारली. आमच्या गल्लीत पाणी त्यानंतर चौथ्या दिवशी आलं.