चादरीचा फोटो आणि समोरचा बाक

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं ते न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर, आणि मग सगळा हिवाळा त्यांनी छताकडे बघत काढला. उठवणं, बसवणं, भांडं देणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं सुनेनं केलं. शिवणाच्या कारखान्यात नोकरी होती तिची. बिनपगारी रजा टाकून ती घरी बसली. बसली म्हणायचं आपलं. बसायला तिला सवड होती कुठे!

आता सासूबाई काठीवर चालू लागल्या होत्या आणि सोमवारपासून सून कामावर परत जाणार होती. त्याआधी तिला काहीतरी म्हणायला हवं, असं सासूबाईंच्या मनानं घेतलं. पण म्हणायचं काय? आभार परक्यांचे मानायचे. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं की त्याला दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं. एकदा सुनेकडून वेणी घालून घेताना त्यांनी प्रयत्न केला होता. “तू नसतीस तर माझं...” एवढ्यावर गाडी अडली. “मान हलवू नका, आई,” सून म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

मग त्यांना ते फोटोंचं दालन सुचलं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायच्या वाटेवर ते होतं. रस्त्याला मोठी काच, आत पांढऱ्या भिंती, भिंतींवर विकायला लावलेले फोटो. दर खेपेला सून त्या काचेशी थबकायची. समोरच्या भिंतीवर एक भला मोठा फोटो होता. दोरीवर वाळत घातलेली एकच पांढरी चादर, वाऱ्यानं फुगलेली, मागे नुसतं आभाळ.

“माझ्या इतक्या चादरी धुतल्या, तरी हिची हौस फिटली नाही,” असं सासूबाई मनात म्हणायच्या. पण भुकेल्या माणसानं ताटाकडे बघावं तशी ती आत बघायची, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सून त्यांना व्यायामाला सोडून औषधं आणायला गेली. सासूबाईंनी गुडघा दुखतोय अशी थाप मारली, व्यायाम अर्ध्यावर टाकला आणि पडल्यापासून पहिल्यांदाच एकट्या रस्त्यावर आल्या. भिंतीच्या आधारानं, दम खात खात दालनात पोचल्या.

“ती चादर केवढ्याला?”

मालकिणीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि किंमत सांगितली. सासूबाईंनी काठी घट्ट धरली.

“अहो, एवढ्यात खरी चादर, दोरी आणि दोरी बांधायला गच्चीसुद्धा आली असती!”

मालकीण हसली. “फोटो काढणाऱ्यानं याच्या पंधराच प्रती छापल्यात. ही नववी. मागे पेन्सिलीनं आकडा आणि सही आहे. सोळावी कधी निघायची नाही.”

“म्हणजे आठ घरांत हीच चादर वाळतेय?”

“वाळतेय. अजून कुणी काढून घडी घातलेली नाही.”

सासूबाईंना बाई आवडली. पैशांची सोय होती. मदतनीस ठेवावी लागली असती तर तिच्या पगाराला म्हणून ते बाजूला ठेवलेले होते. तेवढ्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सुनेलाही हा पगारच वाटला तर?

“आधी बसा,” मालकीण म्हणाली. “इथे बसवल्याशिवाय आम्ही कुणाला फोटो विकत नाही. घरी रोज बघायचा आहे तो. इथेच कंटाळा आला तर घेऊ नका.”

फोटोसमोर, दालनाच्या मधोमध, गादी घातलेला रुंद बाक होता. सासूबाई टेकल्या आणि खुब्याला बरं वाटलं. बसल्यावर त्यांना दिसलं, चादरीच्या कोपऱ्यात बारीक रफू केलेलं होतं. नीट केलं होतं कुणीतरी.

दार धाडकन उघडलं. सून! हातात औषधांची पिशवी, तोंडावरचा रंग उडालेला.

“अहो आई, काय हे! तिकडे डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या कधीच गेल्या. काचेतून दिसलात म्हणून बरं. पुन्हा पडला असतात म्हणजे? मी काय परत...” आणि तिनं जीभ चावली.

“परत चादरी धुवायच्या का, असंच ना?”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“म्हण गं, खरंच आहे ते. तो फोटो मी तुझ्यासाठी घेतेय. रोज बघत उभी असतेस ना?”

सुनेनं फोटोकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

“चादर? मी चादर कशाला बघू? घरी काय कमी होत्या?”

“मग काय बघत होतीस?”

“हा बाक.” तिचं हसू ओसरलं. “रिकामा असायचा. वाटायचं, आत जावं, पाच मिनिटं टेकावं, कुणी हाक मारू नये. पण नुसतं बसायला कोण आत घेणार? आणि बाहेर तुम्ही काठीवर उभ्या.”

सासूबाई मालकिणीकडे वळल्या. “बाक केवढ्याला?”

“बाक विकायचा नाही. बसायला मात्र कुणालाही मनाई नाही. कधीच नव्हती.”

सासूबाई सरकल्या. “बस.”

“घरी स्वयंपाक...”

“बस म्हणते ना! सासू आहे मी तुझी, एवढं तरी ऐक.”

सून बसली. पिशवी मांडीवरून खाली सरकली, आणि बघता बघता तिची मान सासूबाईंच्या खांद्यावर आली. सासूबाईंच्या खुब्यात कळ आली, पण त्या हलल्या नाहीत. मालकिणीचा फोन वाजला, तो तिनं झटकन बंद केला.

जाग आल्यावर सून तशीच समोर बघत राहिली.

“छान आहे हो,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदाच बघतेय. धुऊन झाली, पिळून झाली. आता वारा काय करायचं ते करील. जिनं वाळत घातली ती बाई कुठेतरी टेकली असेल.”

“घेऊ?”

“महाग असेल.”

“हा पगार नाही हं,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. “तुझा पगार द्यायचा म्हटलं असतं, तर एका फोटोवर भागलं नसतं.”

सुनेचे डोळे भरून आले. पदराआड लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून तिनं सरळ हातानं पुसले. “घेऊ या. पण लावायचा कुठे, ते मी ठरवणार.”

मालकिणीनं पांढरे हातमोजे घालून फोटो उतरवला, कागदात गुंडाळला आणि याला ऊन लागू देऊ नका, असं बजावलं.

“चादरीला ऊन नको?” सून म्हणाली, आणि तिघी हसल्या.

निघताना सासूबाईंनी मालकिणीचे मनापासून आभार मानले, एकदा आत आणि एकदा दारात. परक्यांचे मानायला जीभ अडत नाही.

सासूबाई जिथे हिवाळाभर पडून होत्या, त्याच खोलीत सुनेनं फोटो लावला. समोर घरातली एकुलती एक हातांची खुर्ची ठेवली. या खुर्चीत बसलेल्याला हाक मारायची नाही, असं सासूबाईंनी घरात जाहीर केलं.

सोमवारी सून कामावरून आली, चपला काढल्या आणि थेट खुर्चीत जाऊन बसली. थोड्या वेळानं तिचा नवरा दाराशी आला. “अगं, माझा निळा...”

सासूबाईंनी काठी दारात आडवी धरली.

“तुझा निळा तूच शोध.”