दोन चुलींचं भांडण

माझी जीभ तिखट आहे, हे मीच सांगून टाकते. उगाच दुसऱ्यांना कशाला त्रास? याच जिभेनं चार वर्षांपूर्वी मी आमच्या थोरल्या जाऊबाईंना चोर म्हटलं. तेही अंगणात, दोघा भावांच्या देखत, शेजारची चार घरं कान टवकारून ऐकत असताना. तांदळाच्या डब्यापाशी मी त्यांना रंगेहाथ पकडलं होतं. मूठभर कच्चे तांदूळ, अर्धे मुठीत, अर्धे तोंडात. तेव्हा उद्यापुरते तांदूळ डब्यात असले की आम्ही स्वतःला श्रीमंत समजायचो, आणि माझं डोकं सदा तापलेलं. जाऊबाईंनी उलट एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या मधोमध जुन्या पोत्यांचा पडदा टांगला आणि पलीकडे तीन विटांवर आपली वेगळी चूल पेटवली.

सात महिन्यांनी त्यांना मुलगा झाला. मी बोटांवर महिने मोजले. तांदूळ चोरले त्या दिवशी त्या पोटुशी होत्या, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता पडदा बाजूला सारून माफीचे दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पण भांडताना सुरीसारखी चालणारी माझी जीभ ऐनवेळी टाळ्याला चिकटली. एक दिवस गेला, एक महिना गेला, मग तर विषय काढायची सोयच राहिली नाही.

या अबोल्याचा खरा मार बसला तो दोराला. आम्ही दोघी घायपाताच्या वाखाचे दोर वळायचो. एकीनं वाख अडकवलेला लोखंडी आकडा फिरवायचा आणि दुसरीनं हातातून वाख सोडत मागे मागे जायचं, असं ते काम. एकटीनं होत नाही. मी आकडा खांबाला बांधून बघितला, पलीकडे त्यांनी खुंटीला बांधून बघितला. दोघींचे दोर सैल ते सैलच. बाजारातला व्यापारी ते ताणून बघायचा आणि विचारायचा, "यानं काय बांधणार, मांजर?" मग निम्म्या भावात घ्यायचा. आमचे दोघे नवरे मात्र रस्त्याच्या कामावर रोज आपापले डबे एकत्र उघडून जेवायचे आणि घरी आले की आमच्या धाकानं एकमेकांना ओळखही दाखवायचे नाहीत.

अशात एक दिवस चष्मेवाली आली. कुठल्याशा संस्थेची बाई, हातात टॅब, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. म्हणाली, गरीब घरांना आम्ही थेट पैसे देतोय. दोन हप्त्यांत, फोनवर येतील. कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मला वाटलं, बाई थट्टा करतेय. तोवर आमच्या दारात आलेल्या प्रत्येकानं आम्हाला काटकसर शिकवली होती, पैसे कुणी दिले नव्हते.

"ज्यांची चूल वेगळी, त्यांचं कुटुंब वेगळं," तिनं समजावलं. "एका चुलीला एक मदत." दोन्ही चुली डोळे बारीक करून निरखल्या, मग पडद्याच्या या बाजूचं एक नाव लिहिलं, त्या बाजूचं एक.

पहिला हप्ता आला तेव्हा माझा फोन वाजला आणि लगोलग पलीकडचाही वाजला. मी नवऱ्याला म्हटलं, आधी तांदूळ आणा, आणि किलोवर नाही, अख्खं पोतं आणा. पोतं घरात आलं तशी मी त्याला पाठ टेकून बसले. काय सांगू, महाराणी झाल्यासारखं वाटलं. सहज पडद्याच्या फटीतून बघते, तर जाऊबाईही आपल्या पोत्याला टेकून, डोळे मिटून बसलेल्या.

त्यांचा पोरगा आता तीन वर्षांचा, गोल गरगरीत. सगळे त्याला भोपळाच म्हणतात. भोपळ्याला पडदाबिडदा कळत नव्हता. खालून सरपटत यायचा. एका दुपारी मी त्याला पोटभर भात भरवला आणि जाताना हातात घेवड्याच्या भाजीची वाटी दिली. वाटी परत आली ती बटाट्याच्या रश्श्यानं भरून. मग रोजच वाट्यांची ये-जा सुरू झाली. पूर्वी वाटीभर दिलं तर आपल्या ताटातलं कमी व्हायचं, आता होत नव्हतं. एवढाच काय तो फरक. आठवड्याभरानं पडद्याआडून आवाज आला, "दोन ठिकाणी लाकडं कशाला जाळायची म्हणते मी?"

चार वर्षांतलं त्यांचं पहिलं वाक्य. मी त्या क्षणी माझ्या चुलीवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी अंगणात आम्ही पुन्हा एकत्र दोर वळायला उभ्या राहिलो, आणि असा घट्ट दोर उतरला की व्यापाऱ्याला मांजराची आठवण आली नाही. फक्त त्या मूठभर तांदळाबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. दुसऱ्या हप्त्याआधी चष्मेवाली घर बघायला येणार होती. चूल एक म्हणजे मदत एक! एका हप्त्यात एक तर जाऊबाईंच्या बाजूचं गळकं छप्पर नीट झालं असतं, नाहीतर तीन आकड्यांचं लोखंडी चाक आलं असतं. ते चाक मी लोहाराकडे सांगून ठेवलं होतं. तीन पेड एकदम वळायचे, दिवसाचा दोर तिप्पट. दोन्ही हवं असेल तर बाईसमोर आमचं वैर दिसायला हवं होतं.

म्हणून आम्ही भांडणाची तालीम केली. आयुष्यात मी इतकी हसले नव्हते. जाऊबाईंना काही बोलायलाच सुचेना.

"तू... तू फार वाईट आहेस," त्या म्हणाल्या.

"ताई, एवढ्यावर कोण पैसे देईल? माझं माहेर काढा!"

"तुझ्या माहेरची माणसं चांगली आहेत गं."

"असू देत! तरी काढा!"

माझा नवरा उंबऱ्यात बसून बघत होता. म्हणाला, "वहिनी, मी शिकवू का? मला रोज ऐकायला मिळतं."

पण चष्मेवाली सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच टपकली, आणि तीही भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी. आम्ही सगळे एकाच पातेल्याभोवती ताटं घेऊन बसलेलो. पडदा गुंडाळून वर बांधलेला. माझ्या विझलेल्या चुलीत कोंबडी अंडं घालायला बसलेली. दारात चष्मा चमकला आणि माझी पाचावर धारण बसली. मी जाऊबाईंना डोळ्यांनी खुणावलं, भांडा की! त्या घास हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मग मीच बाह्या सरसावून उठले. तालमीतलं एक वाक्य आठवेल तर शपथ. तोंडात आलं ते जुनंच.

"तुमच्या पंगतीला कोण बसेल? तांदूळ चोरणारी बाई!"

कोंबडी चुलीतून उठून पळाली. शब्द तोंडातून सुटला आणि मला माझीच लाज वाटली.

जाऊबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "भूक लागली होती गं मला," त्या म्हणाल्या. "तेव्हा सगळेच अर्धपोटी होते. मी कोणत्या तोंडानं मागायचं?"

"मला माहीत होतं, ताई," मी म्हटलं. "भोपळा झाला तेव्हाच कळलं होतं. कळूनही चार वर्षं मी गप्प बसले. माझं चुकलं. माफ करा मला." आणि बाईसमोर भोकाड पसरलं. जाऊबाईही रडायला लागल्या. मोठे दीर आपल्या ताटातल्या भाताकडे असं निरखून बघायला लागले, जणू त्यावर काही लिहिलंय.

नाटक आता कोण करणार? मी डोळे पुसले आणि बाईकडे वळले. "लिहा बाई. आमची चूल एकच आहे. एक हप्ता कापा. माझा कापा, यांचं छप्पर गळतंय."

"काही कापायचा नाही हिचा!" जाऊबाई उसळल्या. "माझा कापा. चाक आलं पाहिजे."

"छप्पर आधी!"

"चाक आधी! हट्टी कुठली! तुझं सगळं माहेरच हट्टी!"

अशी आम्ही खरीखुरी कडाकडा भांडलो, आणि या वेळी त्यांना एकही शब्द कमी पडला नाही. माझ्या दोन आत्यांचाही उद्धार झाला.

"अहो, कुणाचाच कापायचा नाही!" चष्मेवाली शेवटी ओरडली. "यादी एकदाच होते, मग ती बदलत नाही. एका चुलीवर जेवा नाहीतर दहा. दोघींचे हप्ते मंजूर झालेत. मी नुसती विचारपूस करायला आले."

"मग पहिल्या वेळी चुलींकडे इतकं टक लावून काय बघत होता?" मी विचारलं.

"धूर कुठून येतोय ते. डोळ्यांना त्रास होतो माझ्या."

माझ्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. बाईही हसत हसत आमच्यात येऊन टेकली आणि टॅब उघडला. "एवढा एकच प्रश्न राहिलाय. गेल्या आठवड्यात घरात कुणी भुकेलं राहिलं का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी जाऊबाई बोलल्या. परक्या बाईसमोर, नवऱ्यासमोर, दिरासमोर, शेजारच्या चारही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"राहिलंय ना! मी! आत्ता! हिच्या भांडणापायी माझा भात गार झालाय. मला भूक लागलीये. वाढ गं गरम, आणि हात आखडू नकोस."

मी पातेलंच उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.