तपासणीच्या दिवसाचं पाणी

"खोबरेल संपलं तर संपलं, सांगाय कुणाची जीभ उचलत न्हाय ह्या घरात. भेगा काय थुंकी लावून भराव्यात व्हय?"

मोरीशी उकिडवे बसून आमचे हे स्वतःशीच पुटपुटत होते. चुलीपासून मोरी चार हातांवर, त्यामुळं भाकरी थापता थापता सगळं ऐकू येत होतं. बाटली फडताळात भरलेली होती. मान वळवली असती तर दिसली असती. मीच उठले, तेल आणलं, त्यांचे तळवे पुढं ओढले. बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून उललं होतं. भिंतीला चुना देणाऱ्याचे हात असे होतात.

"माशास्नी बरंच की त्ये," खाली बघत हे म्हणाले. "आंबट पाण्यानं मासं मरतील म्हणून तूच कोकलत हुतीस. तपासणीचं साहेब यायच्या आधी पाणी गोड करा म्हणून खाणीवरनं सांगितलं. टाकलं."

मी तेल चोळत राहिले. आदल्या दिवशी, तपासणीच्याच दुपारी, आमच्या तळ्यातले सगळे मासे मेले होते.

तळं आम्हा अकरा बायकांचं. शाहूवाडीच्या ह्या डोंगरात भाताशिवाय दुसरं काही होत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही रोहू-कटला वाढवून दाखवले होते. राखण तानूबाईकडं. काठावर बसून ती पितळी ताटलीवर चमचा वाजवायची, की मासे पाणी घुसळत यायचे. तळ्यात दोन ओढे येतात. एक राईतला, चहासारखा तांबूस. दुसरा वरच्या बॉक्साइटच्या खाणीखालचा, काचेसारखा नितळ. बघणाऱ्याला नितळच चांगला वाटणार.

पंचायतीनं पाणी तपासायची पेटी दिली तेव्हापासून गाव मला किटबाई म्हणतं. दहावी नापास आहे मी. भाचीची, अनुजाची, कॉलेजची पुस्तकं मात्र भात शिजेपर्यंत वाचून काढलीत. खाणीच्या ओढ्यात दर सोमवारी पट्टी बुडवायची, दर सोमवारी पट्टीवर आकडा साडेचार. आंबटच. तपासणीच्या सकाळी मात्र सात, म्हणजे गोड. काठावरच्या दगडांना पांढरी कड, आणि खाणीच्या फाटकाशी चुन्याची रिकामी पोती. दोन दिवस ती तिथंच लोळत होती. सगळ्या गावानं बघितली. विचारलं कुणीच नाही, कारण घरटी एक माणूस खाणीवर आहे. आमच्याही घरातला.

आठ दिवसांनी तपासणीचे साहेब अहवाल घेऊन आले आणि पंचायतीत सभा बसली. सरपंच उदयसिंह कागद हलवत म्हणाले, "पाणी पास हाय. आता पाणी पास म्हंजे खाद्यातच घोळ. तानूबाई, राखण तुमची हुती. उद्यापासनं तळ्यावर येऊ नका. दुसरं माणूस बघू."

तानूबाई कोपऱ्यात उभी होती. ताटली काखेत. मागच्या कुणीतरी हळूच म्हटलं, "बौद्धवाड्यातल्यांस्नी काय कळतंय माशातलं." मी वळून बघितलं, तर सगळ्यांचे चेहरे सारखेच सभ्य.

माझं डोकं तडकलं. उठले.

"साहेब, अहवालात अ‍ॅल्युमिनियम किती?"

"मर्यादेत आहे, ताई. राईतल्या ओढ्यात आहे तेवढंच."

"तेवढंच, पण तसंच हाय का? राईत पाल्याचा काळा रस त्याला धरून ठेवतोय, म्हणून तिथं मासा जगतोय. खाणीखाली त्ये मोकळं सुटलेलं असतंय. तुम्ही दोन्ही एकाच मापात मोजलं. ताटातली मिरची नि डोळ्यात गेलेली मिरची, वजन तेवढंच भरतंय की!"

"किटबाईची शाळा भरली!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

"हसा. मासं इतके दिवस खाणीच्या तोंडापास्नं लांब, राईच्या अंगाला ऱ्हात हुते. शहाणे हुते तुमच्यापरास. त्या दिवशी आंबट ओढ्यात चुना पडला. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम फुटून बाहेर आलं, बुळबुळीत पांढरं, नि तळंभर पसरलं. माशाच्या कल्ल्यांत बसलं. पाणी तुमच्या कागदावर पास झालं नि मासं गुदमरून मेलं."

साहेब पेन चाळवत बसले. उदयसिंह म्हणाले, "चुना? कसला चुना?"

सभेतली सगळी माणसं आपापली पायताणं बघू लागली. एवढा वेळ हसणारासुद्धा.

"वैनी," तानूबाई पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी साधा. "पडला, पडला म्हणतासा. आभाळातनं पडला व्हय? कुणाच्या तरी हातानंच पडला असंल की."

राग खाणीवर होता, साहेबावर होता, पण तो सगळा मी पुस्तकातल्या शब्दांमागं लपून काढत होते, हे ह्या बाईनं बरोबर ओळखलं. दारात आमचे हे उभे होते. दोन्ही हात काखेत दडवलेले. पंचवीस वर्षांत त्यांचं नाव मी हळदी-कुंकवाच्या उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. बँकेच्या फॉर्मवरसुद्धा अनुजानं लिहिलं होतं. ते घेतलं तर उद्या त्यांची खाण बंद. नाही घेतलं तर उद्या तानूबाईचं तळं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'नको' म्हणाले नाहीत. 'हो' तरी कुठं म्हणाले.

"सयाजीनं," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं, ह्या दारात उभ्या असलेल्या सयाजीनं चुना टाकला. खाणीनं पोती दिली, त्यानं ओतली, नि आपण सगळ्यांनी बघितलं."