मुठीतला चिखल

मुखरू धीवराच्या मुठीवर वैनगंगाकाठच्या माणसांचा भरवसा होता. कोणी बुडालं की त्याला बोलावणं यायचं. तो श्वास कोंडून तळाशी जायचा, आणि माणूस सापडला नाही तर मूठभर चिखल घेऊन वर यायचा. काठावर रडणाऱ्यांसमोर मूठ उघडायचा. तळापर्यंत जाऊन आलो, याची ती खूण. बापानं लावलेली शिस्त होती.

आता जिल्ह्याच्या बचाव पथकात त्याला घेणार होते. पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायला शिकला तर. चंद्रपूरजवळच्या बंद पडलेल्या, पाण्यानं भरलेल्या खाणीत सराव चालला होता. तळ एकतीस मीटरवर.

काल तो चुकला होता. एक सिलिंडर साध्या हवेचं, दुसरं जास्त ऑक्सिजनचं. जास्त तेच चांगलं, असं समजून त्यानं दुसरं उचललं आणि थेट तळाच्या चिखलाकडं निघाला. शिकवणाऱ्या रंजीताबाईंनी पाय धरून त्याला अडवलं.

"मरायचं होतं काय, मुखरूभाऊ?" वर आल्यावर त्या म्हणाल्या. "या सिलिंडरनं पाण्यात जास्त वेळ राहता येते, जास्त खोल नाई जाता येत. अठ्ठावीस मीटरच्या खाली हाच ऑक्सिजन जहर होते. झटके येतात, तोंडातली नळी सुटते. तळ गाठायचा तर साधी हवा."

"पण चिखल नाई आणला तर लोक म्हणतीन, मुखरू अर्ध्यातून पलटला."

"उद्या शेवटची संधी. हेच सिलिंडर देईन. कुठी थांबता, ते पाहीन."

आज त्यानं स्वतः यंत्र लावून ऑक्सिजन मोजला. छत्तीस टक्के. सिलिंडरवर पट्टी चिकटवून तिच्यावर ठळक '२८' लिहिलं.

सोबतचा पत्रू हसला. "एवढं मोठं काऊन लिवलं बे? मासोळ्यायले वाचाले?"

मुखरू उतरला. मनगटावरच्या मापकात अठ्ठावीस दिसताच थांबला. टॉर्चच्या उजेडात तळ दिसत होता, जेमतेम दोन पुरुष खाली. हात आपोआप तिकडं गेला. रंजीताबाई शेजारीच होत्या, पण आज त्यांनी त्याला धरलं नाही. नुसत्या पाहत राहिल्या.

मुखरूनं रिकामीच मूठ आवळली. मग अंगठा वर केला. चला, वर.

श्वास न कोंडता, सावकाश, तो काठाला लागला.

"चिखल कुठी हाय?" पत्रूनं विचारलं.

"हाय तिथीच हाय. अन् मी इथी हाओ."

रंजीताबाईंनी वहीत त्याच्या नावापुढं खूण केली. मुखरू सवयीनं हात धुवायला बादलीशी गेला. वाकला, तळवा पाहिला आणि तसाच उभा राहिला. धुण्यासारखं काही नव्हतंच.